पार्ल्यातली जुनी तीन मजली सोसायटी: लिफ्ट लावावी की इमारत पाडावी?

सोनचाफा (धागाकर्ती), सोमवार रात्री १०.१५

नमस्कार मंडळी.

आमची सोसायटी पार्ले पूर्वेला, १९६६ सालची. तळमजला अधिक तीन, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. त्याआधी तिथे बंगला होता. मालकांनी जागा दिली, त्यांना दोन फ्लॅट मिळाले. उरलेले चौदा शिक्षक, बँकवाले, रेल्वेतले, पोस्टातले अशांनी कर्ज काढून घेतले. बाबा त्यातलेच एक. बंगल्याची विहीर मागच्या अंगाला जाळी घालून ठेवली आहे आणि गेटाजवळचा सोनचाफाही बंगल्याच्याच वेळचा.

बाबा गेल्यापासून आई तिसऱ्या मजल्यावर एकटी असते. वय ७६, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. खाली उतरायचं म्हणजे ५४ पायऱ्या, मी लहानपणापासून मोजत आले आहे. बाजारात जायचं असलं की ती यादी दोनदा वाचते, कारण कोथिंबीर विसरली तर त्यासाठी पुन्हा उतरणं तिला झेपत नाही. एरवी गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून सोडते, भाजीवाला भरून देतो.

गेल्या महिन्यात बोर्डावर पुनर्विकासाची नोटीस लागली. दहा सभासद तयार आहेत, चार नको म्हणतात, दोघं परदेशात आहेत आणि त्यांचं अजून कळलेलं नाही. आई 'नको'वाल्यांत आहे. मी तिला नव्या घराचे नकाशे दाखवायला गेले तर म्हणाली, "तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची आणि मग परत यायचं. तोवर मी असेन का?" मला काही बोलता आलं नाही.

ज्यांची जुनी इमारत पाडून नवी झाली आणि जे परत राहायला आले, त्यांनी कृपया सांगा: काय मिळालं, काय गेलं? आणि अशा जुन्या इमारतीला बाहेरून लिफ्ट लावलेली कुणी पाहिली आहे का? जागा किती वाढते, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी ठेव) किती, हे मला माहीत आहे. ते नका सांगू.

---

दुसरा_मजला, सोमवार रात्री १०.४०

लिफ्ट आधी. बाकी सगळं नंतर. माझ्या सासूबाई शेवटची सहा वर्षं फक्त दवाखान्यात जायला खाली उतरल्या, तेही खुर्चीत बसवून चौघांनी उचलून.

---

मृण्मयी, सोमवार रात्री ११.२०

सोनचाफा, तुझी पोस्ट वाचून गलबलून आलं. मी हनुमान रोडजवळ वाढले. पार्ले टिळक विद्यालय १९२१ चं, लोकमान्य सेवा संघ १९२३ चा, म्हणजे लोकमान्य गेल्यावर तीन वर्षांच्या आत या गावाने त्यांच्या नावाने एक शाळा आणि एक संस्था उभी केली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात इथे छावणी होती, जमनालाल बजाज होते त्यात. माझी आजी सांगायची की त्या काळात एका घराच्या पायरीवरून दुसऱ्या घराच्या पायरीशी बोलता यायचं. बंगले गेले, तीन मजली इमारती आल्या, पण पायरीवरून बोलण्याची सवय जिन्यात शिल्लक राहिली. आमच्या जिन्याच्या मधल्या टप्प्यावर मुलींचे सागरगोट्यांचे डाव चालायचे आणि दुपारी चारला पश्चिमेचा वारा सुटला की बिस्किटांच्या कारखान्याचा वास थेट स्वयंपाकघरात. तो कारखाना १९२९ चा, २०१६ ला बंद झाला. ज्या दिवशी वास आला नाही त्या दिवशी आईला वाटलं सर्दी झाली.

माझा प्रश्न इतकाच आहे की सात-आठ मजल्यांच्या, दोन लिफ्टच्या इमारतीत तो मधला टप्पा कुठे असणार?

---

विमानतळ_शेजारी, सोमवार रात्री ११.३५

पार्लेकर ओळखायचा कसा? विमान डोक्यावरून जायला लागलं की वाक्य अर्ध्यात थांबवतो, विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू करतो. :)

त्याच विमानांमुळे आपल्याकडे उंचीवर बंधन आहे, म्हणून बिल्डर इथे तीस मजले बांधू शकत नाही. धागाकर्तीने पैशाचं बोलू नका म्हटलंय, पण हे त्यांच्या कामाचं आहे: उंची कमी म्हणजे विकायला फ्लॅट कमी, म्हणजे तुम्हाला दिलेली आश्वासनं नीट तपासा.

---

बांधकाम_काका, मंगळवार सकाळी ७.०५

मी स्ट्रक्चरल इंजिनियर, ३४ वर्षं दुरुस्तीची कामं केली. लिफ्टच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

होय, बाहेरून लिफ्ट लावता येते आणि मी स्वतः अशा लावल्या आहेत. जिना बाहेरच्या भिंतीला लागून असला पाहिजे आणि मधल्या टप्प्याला खिडकी किंवा सिमेंटची जाळी असली पाहिजे. साठीतल्या बहुतेक इमारतींत ती असते. जाळी काढून तिथे दार करायचं. बाहेर लोखंडी सांगाडा उभा करायचा, त्याचा पाया वेगळा आणि त्याचा भार जुन्या इमारतीवर अजिबात नाही. मशीन रूम लागत नाही अशा लिफ्ट आता मिळतात. पालिकेची परवानगी आणि लिफ्ट निरीक्षकाचा परवाना, दोन्ही लागतात.

आता अडचण. अशी लिफ्ट मजल्यावर थांबत नाही, मधल्या टप्प्यावर थांबते. तुमच्या मजल्याला १८ पायऱ्या आहेत, म्हणजे आईंना रोज नऊ पायऱ्या चढायला आणि नऊ उतरायला राहतील. ५४ च्या जागी नऊ. शक्य असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारा, बऱ्याच जणांना नऊ जमतात. दुसरी अडचण पैशाची नसते, तळमजल्याची असते. "आम्ही लिफ्ट वापरणार नाही, आम्ही का भरायचं" हा वाद प्रत्येक सोसायटीत होतो.

पण या दोन्हींच्या आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घ्या. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतीला ते कायद्यानेच बंधनकारक आहे. अहवालात वर्ग येतो: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२अ म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे न हलता दुरुस्ती, सी-३ किरकोळ. सी-१ असेल तर लिफ्टची चर्चा संपली. आणि ऑडिट करणारा माणूस सोसायटीने निवडलेला असू द्या. बिल्डरने पाठवलेला नको, 'नको'वाल्यांच्या ओळखीतलाही नको.

---

परतलेली, मंगळवार सकाळी ९.५०

आम्ही परत आलो. पार्ल्यातच. जुनी इमारत बारा घरांची, आता अठ्ठावीस. पावणेचार वर्षं लागली. मनापासून लिहिते.

मिळालं: लिफ्ट. दोन न्हाणीघरं. पावसाळ्यात छताखाली बादल्या लावायच्या नाहीत. नवऱ्याला पक्षाघात झाला तेव्हा स्ट्रेचर सरळ लिफ्टमध्ये गेलं आणि पंधराव्या मिनिटाला तो रुग्णालयात होता. जुन्या जिन्यात हे झालं नसतं, आणि तो आज चालतो आहे. म्हणून मी पुनर्विकासाला वाईट म्हणूच शकत नाही.

गेलं: बारा घरांपैकी चार जणांनी ताबा मिळाल्याबरोबर फ्लॅट विकले. त्यांना दोष नाही, एकाला मुलीचं शिक्षण होतं, एकाला कर्ज. मेंटेनन्स २,२०० वरून ९,४०० वर गेला, लिफ्ट दोन, पंप, जनरेटर, सुरक्षारक्षक तीन पाळ्यांत. पेन्शनीतल्या माणसाला ते दर महिन्याला टोचतं. कॉर्पसच्या व्याजातून आम्ही भागवतो, पण व्याजदर खाली आले तेव्हा दोन वर्षं फार ओढाताण झाली.

आणि एक गोष्ट जी नकाशात दिसत नाही. जुन्या घरी गॅलरी होती, रस्त्याकडे तोंड करून. नव्यात ती खोलीत घेतली, कारण कार्पेट (घरातली वापरायची जागा) वाढतं म्हणून आम्हीच हट्ट धरला. आता रस्त्यावरून कोण जातंय ते कळत नाही. मुलं खेळतात ती दुसऱ्या मजल्यावरच्या पोडियमवर, खाली सगळ्या गाड्या. सोनचाफा, तुमच्या आईची दोरी आणि पिशवी नव्या घरात कुठून सोडणार, हे वास्तुविशारदाला आजच विचारा. मी हसण्यावारी नेत नाहीये. आम्ही विचारलं नाही.

---

सूनबाई_७१, मंगळवार दुपारी १.१५

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

त्या मधल्या टप्प्यावर मृण्मयीच्या मैत्रिणी सागरगोटे खेळत होत्या, आणि त्याच टप्प्यावर मी लग्न होऊन आले तेव्हा चार बायका बसलेल्या असायच्या. मी किती वाजता घरी आले, ड्रेस घातला की साडी, माहेरी किती दिवस राहिले, सगळं सासूबाईंच्या कानावर माझ्या आधी पोचायचं. सतत उघडी दारं म्हणजे सतत पहारा. नव्या इमारतीत आले तेव्हा दार लावून मी पहिल्यांदा माझ्या घरात जोरात रेडिओ लावला. मला ते बंद दार फार प्रिय आहे.

तरी खरं तेही सांगते. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी अंधेरीहून छातीभर पाण्यातून रात्री दीडला घरी आले. मुलगा पाच वर्षांचा. त्याच चार बायकांपैकी एकीने त्याला जेवू घालून झोपवलं होतं आणि ती जिन्यात मेणबत्ती लावून माझी वाट बघत बसली होती. दोन्ही गोष्टी त्याच जिन्यातल्या.

---

मृण्मयी, मंगळवार दुपारी २.००

@सूनबाई_७१, राग कसला. मी त्या इमारतीत मुलगी होते, सून नव्हते. हे मला आजवर कधी सुचलंच नाही.

---

हिंदू_कॉलनी_गल्ली, मंगळवार संध्या. ६.३०

दादरहून लिहितो. आमचा भाग आज मुंबई शहरात मोजतात, पण वसवला तो उपनगर म्हणूनच. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा कायदा झाला आणि गिरगाव-मांडवीच्या दाटीतून माणसं बाहेर काढायला दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथे आखीव वस्त्या करायचं ठरलं. इमारत बुटकी, दोन इमारतींत मोकळं अंतर, सगळ्या खोल्यांत हवा आणि ऊन. तो रोगराईवरचा इलाज होता, शोभा नव्हती.

आज पुनर्विकासात नेमकं तेच अंतर कमी होतं. पालिका सवलत देते, बिल्डर त्यासाठी पैसे (अधिमूल्य) भरतो आणि शेजारच्या इमारतीची खिडकी हाताच्या अंतरावर येते. माझ्या स्वयंपाकघरात सकाळी अकरापर्यंत ऊन यायचं. बाजूची इमारत उठली आणि आता भरदुपारी दिवा लावावा लागतो. माझी इमारत पाडलीही नाही, तरी माझं घर बदललं. जुन्या वस्तीत राहणाऱ्याचं हे दुखणं कुठल्याच करारात बसत नाही.

---

प्रभातरोडवाला, मंगळवार रात्री ९.१०

पुण्यातून. प्रभात फिल्म कंपनी १९३३ ला कोल्हापूरहून इथे आली, तिच्यावरून रस्त्याला नाव. आमच्या गल्ल्यांतही बंगले जाऊन तीन मजली इमारती आणि आता त्या जाऊन उंच इमारती.

एक फरक लक्षात ठेवा. मुंबईत बहुतेक सोसायट्या, पुण्यात बरीचशी 'अपार्टमेंट'. सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर, तुम्ही सभासद. अपार्टमेंट १९७० च्या कायद्याखाली, त्यात फ्लॅट तुमच्या स्वतःच्या मालकीचा आणि जमिनीत टक्क्यांनी अविभक्त हिस्सा. आमच्याकडे मोठ्या फ्लॅटवाला जास्त मेंटेनन्स भरतो, त्यावरून भांडण. सोसायटीत फ्लॅट लहान असो की मोठा, बरेच खर्च समान, त्यावरून भांडण. भांडण दोन्हीकडे आहे!

---

क्वीन्सहून, बुधवार पहाटे ४.५५

मी मूळचा पार्ल्याचा, सध्या न्यूयॉर्कमध्ये जॅक्सन हाइट्सला. १९१७ ला उन्नत रेल्वे इथे पोचली आणि त्याच सुमारास एका कंपनीने शेतजमिनीवर आखून ही वस्ती बांधली. इमारती ब्लॉकच्या कडेने, आणि मध्ये सगळ्यांची मिळून एक लांबलचक बाग. रस्त्यावरून ती बाग दिसतच नाही. १९९३ पासून हा ऐतिहासिक जिल्हा आहे, म्हणजे खिडकीची चौकट बदलायची तरी शहराच्या आयोगाची परवानगी. कटकट आहे, पण म्हणूनच शंभर वर्षांनी माझी मुलगी त्याच बागेत सायकल शिकली.

इथेही सहकारी संस्था असते. फ्लॅट नव्हे, शेअर विकत घ्यायचे, आणि आधी मंडळ तुमची मुलाखत घेतं. पण एक गोष्ट सांगायलाच हवी: ही देखणी वस्ती बांधली तेव्हा काळ्या आणि ज्यू लोकांना इथे घर मिळत नव्हतं. आज माझ्या मजल्यावर कोलंबियाचं एक कुटुंब, एक बांगलादेशी, एक तिबेटी आणि मी.

---

गावठाणातला, बुधवार सकाळी १०.२०

@क्वीन्सहून, बरं झालं तुम्ही काढलंत. आपल्याकडेही बोलू या.

सहकारी घरबांधणी आपल्याकडे सुरूच झाली ती एकेका समाजासाठी. गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची, अशा संस्थांतली सगळ्यात जुनी. ज्यांना भाड्याने कोणी घर देत नव्हतं किंवा ज्यांच्याकडे भांडवल नव्हतं त्यांनी एकत्र येऊन घरं बांधली, यात काही वाईट नाही, मी त्याचा आदर करतो. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी संस्थेचा 'फक्त आपल्या समाजातल्यांना सभासदत्व' हा उपविधी वैध धरला.

पण त्याची दुसरी बाजू मी भोगली आहे. १९९८ ला मी पार्ल्यात घर शोधत होतो. पगार होता, बँकेचं कर्ज मंजूर होतं. एका सोसायटीत चहा दिला, आडनाव विचारलं, मग "फ्लॅटचं अजून ठरलेलं नाही" म्हणाले. दुसरीकडे "मासे करता का" विचारलं. कोळणीकडून बोंबील घेऊन त्याच गल्लीतून माझी आई पन्नास वर्षं चालत होती. जुनी संस्कृती टिकवा म्हणताना कुणासाठी टिकवायची तेही ठरवा. नव्या इमारतीत बिल्डर कोणालाही विकतो, निदान तेवढ्यापुरतं मला ते बरं वाटतं.

---

परतलेली, बुधवार सकाळी ११.००

@गावठाणातला, हे वाचून वाईट वाटलं, आणि आमच्या जुन्या कमिटीतही असं झालेलं आहे हे मला माहीत आहे. आम्ही गप्प बसलो होतो.

---

अर्धवट_इमारत, बुधवार रात्री ८.४०

नको म्हणणाऱ्या आईंच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो.

आमची इमारत आठ वर्षांपूर्वी पाडली. चौथ्या स्लॅबपर्यंत काम झालं आणि थांबलं. पहिली दोन वर्षं भाडं वेळेवर, मग तीन महिन्यांनी, मग बंद. चार घरं बदलली, दर वेळी आधीच्यापेक्षा लांब. पार्ल्यातून अंधेरी, तिथून गोरेगाव, आता मीरा रोड. बाबांनी शेवटच्या आजारपणात दोनदा विचारलं, "आपलं घर कुठपर्यंत आलं?" मी म्हणालो सहावा मजला चालू आहे. खोटं बोललो.

आईंची भीती म्हातारपणाची नाही, ती बरोबर आहे. त्या भीतीला कागदावर उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नका.

---

वकील_मावशी, बुधवार रात्री १०.०५

@अर्धवट_इमारत, डोळ्यांत पाणी आलं. तुमच्यासारखी प्रकरणं मी रोज बघते, म्हणून इथे नेमकं लिहिते.

सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालचे पुनर्विकासाबद्दलचे शासनाचे निर्देश २००९ चे, ते ४ जुलै २०१९ ला बदलले. आता एकूण सभासदांपैकी ५१ टक्के राजी असतील तर ठराव होतो. विकासक निवडायच्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत, निबंधक कार्यालयाचा अधिकारी हवा आणि चित्रीकरण हवं. सोळापैकी दहा म्हणजे साडेबासष्ट टक्के. सोनचाफा, आई 'नको' म्हणाल्या तरी हे बहुधा होणार आहे. म्हणून तुमची ताकद थांबवण्यात घालवू नका, अटी घालण्यात घाला. बाकीचे तिघे 'नको'वाले तुमच्याबरोबर येतील.

अटी कसल्या? प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमी निर्देशांतच आहे, तीवर पाणी सोडायला सांगणारे भेटतील, सोडू नका. भाड्याचे पुढच्या तारखांचे धनादेश आधी हातात. सगळ्या परवानग्या आणि पहिल्या वर्षाचं भाडं मिळाल्याशिवाय घर रिकामं करायचं नाही. प्रत्येक सभासदाचा स्वतंत्र पर्यायी जागेचा करार नोंदवून घ्या. त्यावर बाजारभावाने मुद्रांक शुल्क नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल आहे. चटईक्षेत्र (कार्पेट) रेराच्या, म्हणजे घरबांधणी नियमन कायद्याच्या, व्याख्येप्रमाणे लिहा, नुसतं "वाढीव जागा" नको. आणि उघडी गॅलरी हवी असेल तर ती नकाशात गॅलरी म्हणूनच हवी.

झाडांचं: वृक्षतोडीला १९७५ च्या कायद्याखाली परवानगी लागते. तुमचा सोनचाफा पन्नास वर्षांवरचा असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो 'प्राचीन वृक्ष' ठरतो. हे वास्तुविशारदाला पहिल्या भेटीत सांगा, नकाशा झाल्यावर नव्हे.

---

नौपाडकर, गुरुवार सकाळी ८.१५

ठाण्यात आम्ही बिल्डर न घेता स्वयंपुनर्विकास करतोय. नफा सभासदांचा, पण कमिटीतल्या दोघांनी नोकरी सोडल्यासारखं काम केलं आहे. सोळा घरांत असे दोन जण असतील तरच त्या वाटेला जा.

---

दुसरा_मजला, गुरुवार सकाळी ९.००

सगळं वाचलं. एक साधी शंका. आईंचं म्हणणं "तीन वर्षांनी परत येईपर्यंत मी असेन का" असं आहे. पण भाड्याच्या घराला तर लिफ्ट असेल ना? मग त्यांचं खाली उतरणं तीन वर्षांनी कशाला, पहिल्या दिवसापासूनच सुरू होईल. आणि त्यासाठी इमारत पाडायचीही वाट का बघायची?

---

सोनचाफा (धागाकर्ती), गुरुवार रात्री ११.४५

@दुसरा_मजला, मी तुमची पोस्ट आईला फोनवर वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "भाड्याचं घर बाजाराजवळ मिळेल का बघ."

सगळ्यांचे आभार. बांधकाम_काका, ऑडिटचं पत्र मी आज सेक्रेटरींना दिलं.

---

सोनचाफा (धागाकर्ती), चार महिन्यांनंतर

धागा वर आणते आहे, कारण बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं.

ऑडिट झालं. सी-२ब आलं. म्हणजे इमारत दुरुस्त होऊ शकते, पाडलीच पाहिजे असं नाही. बाहेरून लिफ्टही बसू शकते, जिना मागच्या भिंतीलाच आहे. सभेत तीन तास चर्चा झाली आणि शेवटी अकरा जण पुनर्विकासाच्या बाजूने राहिले. त्यांची कारणंही खरी आहेत: तळमजल्यावर दर पावसाळ्यात पाणी येतं, एका घरात सहा माणसं दोन खोल्यांत आहेत. वकील_मावशींच्या अटी आम्ही चौघांनी मिळून लेखी मांडल्या आणि एक सोडून सगळ्या ठरावात आल्या. जी आली नाही ती अशी: सत्तरीपुढच्या सभासदांना पार्ल्यातच घर शोधून द्यायची जबाबदारी विकासकाची. त्यावर अजून भांडते आहे.

गॅलरी सहा घरांनी मागून घेतली, रस्त्याकडची, उघडी. परतलेली, ते तुमच्यामुळे. आईची दोरी तिथून खाली पोचते का, हे वास्तुविशारदाने नकाशावर मोजून दाखवलं.

आणि आई. आम्ही कशाचीच वाट बघितली नाही. दोन गल्ल्या सोडून, मार्केटकडे, लिफ्टच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर अकरा महिन्यांच्या करारावर एक खोली-स्वयंपाकघर घेतलं. दोन महिने झाले. जुन्या घराची किल्ली तिच्याच कमरेला आहे. परवा मी दुपारी गेले तर दाराला कुलूप. घाबरून फोन केला. ती खाली मार्केटात होती, सकाळपासून तिसऱ्यांदा. म्हणाली, "अगं, कोथिंबीर विसरले होते."

---

मृण्मयी, त्याच रात्री

हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! आणि गेटाजवळच्या झाडाचं?

---

सोनचाफा (धागाकर्ती)

पार्किंगचा उतार दुसऱ्या बाजूने काढायचं कबूल केलंय. नकाशात झाड आहे.

---

बांधकाम_काका

नकाशातलं झाड आणि बांधकामात टिकलेलं झाड यांत फरक असतो, मी बरीच गेलेली पाहिली आहेत. बुंध्याभोवती निदान दहा फूट पत्र्याचं कुंपण पहिल्या दिवसापासून लावून घ्या. आणि या पावसाळ्यात नर्सरीवाल्याला बोलावून त्याची दोन कलमं बांधून घ्या. एक आईंच्या नव्या खिडकीत ठेवा. दुसरं कुणाकडे सांभाळायला द्यायचं असेल तर माझ्या अंगणात जागा आहे.